मुलं सांभाळणं हीच माझी सेवा का? ख्रिस्ती विश्वासात आईची जागा नक्की कुठे

प्रश्न आधी थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. पुण्यातली एक तरुण आई विचारते, लग्नाआधी क्वायरमध्ये होते, युवक संघात होते, आता दोन लहान मुलं, रविवारी अर्धी उपासना बाहेर ओट्यावर जाते आणि वचन कानावर पडतच नाही. सासूबाई म्हणतात मुलं वाढवणं हीच तुझी सेवा. पटतं पण आणि नाही पण. बायबल आईबद्दल खरं काय म्हणतं?

मी संडेस्कूल आणि महिला मंडळ दोन्हीकडे बरीच वर्षं काम केलंय, नगरकडच्या खेड्यातल्या मंडळ्या पाहिल्यात, शहरातल्या पण पाहिल्यात, वयाने मोठी आहे म्हणून सरळ अगं-तुगं करते. सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं आपल्याकडे कोणी सांगत नाही म्हणून जरा लांब लिहिते.

बरोबर असलेलं अर्धं आधी. २ तीमथ्य १:५ मध्ये प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला आठवण करून देतो की तुझ्यात जो विश्वास आहे तो आधी तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके हिच्यात होता. हे वचन मदर्स डेला दरवर्षी वाचतात, पण त्या घराची परिस्थिती काय होती ते कोणी बघत नाही. प्रेषितांची कृत्ये १६ काढून बघ. हे कुटुंब लुस्त्र गावचं, आई यहुदी विश्वासणारी आणि बाप ग्रीक. बाप विश्वासात होता असं कुठे लिहिलेलं नाही. आणि तीमथ्याची सुंता झालेली नव्हती, ती पौलाने तो मोठा झाल्यावर करवली कारण तिथल्या सगळ्यांना माहीत होतं की याचा बाप ग्रीक आहे. म्हणजे यहुदी बाईच्या पोटच्या मुलाचा तिच्या धर्मातला सगळ्यात महत्त्वाचा विधी त्या घरात झाला नव्हता, मला तरी यावरून असंच वाटतं की घरात शब्द बापाचा चालत असावा. तरी त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की तुला बालपणापासून पवित्र शास्त्र माहीत आहे. मग ते शिकवलं कोणी? लुस्त्रात यहुद्यांचं सभास्थान असल्याचा उल्लेख सुद्धा मिळत नाही. तेव्हा जे काही शिकवणं झालं ते घरात, स्वयंपाक करता करता, आजी आणि आई या दोघींकडून. आपल्याकडे मिश्र विवाह झालेल्या किती बायका आहेत, नवरा चर्चला येत नाही म्हणून यांना मंडळीत कायम कमीपणा वाटतो. युनीकेचं घर तसंच होतं आणि तिच्या मुलाला पौलाने पुढे मंडळ्यांची जबाबदारी दिली.

हन्नाचं पण बघ (१ शमुवेल १ आणि २). शमुवेल संदेष्ट्याची ही आई, मूल होत नव्हतं म्हणून तिने केलेला नवस, तिचं रडणं सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र २:१९ जास्त आवडतं, तिथे लिहिलंय की ती दरवर्षी शमुवेलासाठी एक लहानसा झगा शिवून घेऊन जायची. मुलगा देवाला देऊन टाकला तरी वर्षभरात त्याची उंची किती वाढली असेल याचा अंदाज हिच्या डोक्यात असणारच ना, त्याशिवाय माप कसं घेणार. आणि त्याच अध्यायात शेजारी एली याजकाची पोरं आहेत, मंदिरातच राहायची, बाप मुख्य याजक, आणि पोरं अर्पणाचं मांस हिसकावून खाणारी. पाळकांच्या बैठकीत मी हे मुद्दाम काढते, की बाबांनो सेवेचा मोठा पसारा म्हणजे घर आपोआप बरं असं नसतं. दोन-तीन जण हसतात, बाकीचे चहा बघतात.

तर आई हे विश्वासाचं पहिलं शिक्षण, यात वाद नाही. माझ्या संडेस्कूलच्या वर्गात नवीन मूल आलं की दोन रविवारांत कळतं की घरी प्रार्थना होते की नाही, कारण ज्याच्या घरी होते ते मूल डोळे मिटून काय बोलायचं ते विचारत नाही.

आता दुसरं अर्धं. मार्क ३ मध्ये येशू घरात शिकवतोय, भोवती माणसं बसलीत, त्याची आई आणि भाऊ बाहेर उभे राहून निरोप पाठवतात. आणि तो म्हणतो माझी आई कोण? भोवती बसलेल्यांकडे बघून म्हणतो, जो कोणी देवाच्या इच्छेप्रमाणे करतो तोच माझा भाऊ, बहीण आणि आई. लूक ११ मध्ये गर्दीतली एक बाई ओरडते की ज्या उदराने तुला वाहिलं ते धन्य, म्हणजे आपल्याकडे म्हणतात ना धन्य ती माउली, तसंच. त्यावर पण तो म्हणतो की त्यापेक्षा देवाचं वचन ऐकून पाळणारे धन्य. त्या काळात बाईची किंमत तिच्या मुलांवरून, खास करून मुलग्यांवरून ठरायची (आज बदललंय असं म्हणायचं धाडस मी करत नाही). त्या हिशोबात येशू बसत नाही. तो आईला कमी लेखत नाहीये, तो म्हणतोय की तिची किंमत पोटातल्या मुलावरून ठरणार नाही, ती स्वतः वचन ऐकते का यावरून ठरेल.

आणि मरीयेला ते समजलं असावं, कारण पुढे ती कुठे दिसते? प्रेषितांची कृत्ये १:१४, माडीवरच्या खोलीत, शिष्यांबरोबर प्रार्थनेत. मार्क ३ मध्ये दाराबाहेर उभी असलेली आई आता आत बसलीये, आणि येशूची आई म्हणून वेगळ्या गादीवर नाही, बाकीच्या बायकांच्या बरोबरीने. आपण प्रोटेस्टंट लोक कॅथलिकांच्या मोतमाउलीच्या, म्हणजे मरीयेच्याच, भक्तीला इतके बिचकतो की नाताळ सोडला तर मरीयेचं नाव सुद्धा घेत नाही, हे मला काही बरोबर वाटत नाही. तिची नुसती ती स्तुती वाच, लूक १ मधली, बलवानांना आसनांवरून खाली ओढलं आणि भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं असं म्हणणारी मुलगी आहे ती. हन्नाचं गीत तिला पाठ असणार, दोन्ही शेजारी ठेवून वाचलंस तर ओळी ओळखू येतात.

म्हणून सासूबाईंच्या वाक्यातलं "हीच" मला खटकतं. मुलं वाढवणं ही सेवा आहे, पण हीच नाही. तू आधी शिष्य आहेस, मग आई. वचन तुझ्या कानावर पडत नाही ही तुझी तक्रार बारीकसारीक अजिबात नाही, तू विचारलेल्या सगळ्यात तीच मोठी आहे. जी स्वतः उपाशी आहे तिने दुसऱ्याला रोज भरवायचं, हे किती दिवस चालेल?

याच येशूने मार्क ७ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती आईच्या दिवशी कोणी वाचत नाही कारण ती मुलांच्या खिशाला लागते. परूशी म्हणजे यहुद्यांमधले नियमांचे कट्टर लोक, त्यांची एक सोय होती, आईबापांना जे द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला अर्पण केलं असं जाहीर करायचं, की मग आईबापांना द्यायची गरज नाही. येशू यावर चांगलाच संतापलाय. म्हणतो तुमच्या रूढीने तुम्ही देवाचं वचन रद्द करता. आता आपल्याकडे बघ, दशांश वेळेवर, कन्व्हेन्शनला देणगी, स्टेजवर सत्कार, आणि गावाकडे म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या संपलेल्या. मी अशी घरं पाहिलीत. नवीन करारात आईचा मान म्हणजे फुलं आणि भाषण एवढंच नाही, म्हातारपणी तिचं भागवणं आहे, १ तीमथ्य ५ मध्ये तर स्पष्ट लिहिलंय की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. आणि येशूने स्वतः वधस्तंभावरून शेवटच्या काही वाक्यांमधलं एक आईची सोय लावण्यासाठी वापरलं, योहान १९.

इतिहासातल्या आयांबद्दल पण जरा बोलू, कारण उपदेशात त्यांना फारच गुळगुळीत करून टाकतात.

मोनिका सगळ्यांना माहीत असते, पुढे मोठा ख्रिस्ती धर्मपंडित झालेल्या ऑगस्टिनची आई, चौथ्या शतकातली, थागास्ते गावची, ते आता अल्जीरियात आहे. नवरा पॅट्रिशियस तापट आणि बाहेरख्याली, विश्वासात आला तो अगदी शेवटी शेवटी. मुलगा हुशार पण मानी नावाच्या माणसाच्या, मंडळीला न पटणाऱ्या पंथात गेला तेव्हा आधी तिने त्याला एका ताटावर बसू द्यायचं सुद्धा बंद केलं, मग एक स्वप्न पडलं आणि परत घरात घेतलं. एका बिशपच्या मागे लागली की तुम्ही त्याच्याशी बोला, समजवा. तो म्हणाला आत्ता नको, तो ऐकायच्या मनःस्थितीत नाही, तू फक्त प्रार्थना कर. ही ऐकेना, रडतच राहिली, तेव्हा तो वैतागून म्हणाला की जा आता, इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. हे वाक्य सगळे सांगतात पण वैतागून म्हणाला हे कोणी सांगत नाही, आणि मला तेच जास्त कामाचं वाटतं, कारण मोठ्या मुलाच्या मागे वचनं घेऊन लागणाऱ्या आयांना आज सुद्धा हेच सांगावं लागतं की थांबा जरा. पुढे मुलगा कार्थेजहून रात्री तिला फसवून रोमला निघून गेला, मित्राला निरोप द्यायला चाललोय असं सांगून. ती मागोमाग मिलानला पोहोचली. ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी परतीच्या वाटेवर रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती वारली.

आता जी बाजू सांगितलीच जात नाही ती. ऑगस्टिनबरोबर एक बाई बरीच वर्षं राहत होती, लग्न नव्हतं, तिच्यापासून त्याला मुलगा होता, आदेओदातुस. मिलानमध्ये मोनिकेने त्याच्यासाठी चांगल्या घरची मुलगी ठरवली, ती अजून लग्नाच्या वयाची पण नव्हती, आणि या बाईला आफ्रिकेला परत पाठवलं गेलं. मुलगा बापाकडे राहिला. ऑगस्टिन स्वतः लिहितो की ती दुसऱ्या कुठल्या पुरुषाकडे जाणार नाही अशी शपथ वाहून गेली आणि माझं काळीज रक्तबंबाळ झालं. पण तिचं नाव त्याने कुठे लिहिलं नाही. ती पण आईच होती ना? मंडळीने एका आईला संत केलं आणि तिच्याच घरातल्या दुसऱ्या आईला नाव सुद्धा दिलं नाही. मी मोनिकेला खाली ओढत नाहीये, तिच्या चिकाटीपुढे मी काहीच नाही, पण "आदर्श माता" म्हणून आपण कोणाचा सत्कार करतो आणि त्या वेळी कोण मागच्या दाराने बाहेर जातं हे बघायची सवय हवी. आपल्या मंडळीत एकट्या आया आहेत, सोडून दिलेल्या आहेत, दुसऱ्या समाजातून पळून आलेल्या आहेत. त्यांना पुढच्या बाकावर जागा मिळते का?

सुझाना वेस्ली, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लीची आई, इंग्लंडमधल्या एपवर्थची. १९ बाळंतपणं, त्यातली १० मुलं जगली. नवरा पाळक, कर्जापायी एकदा तुरुंगात पण जाऊन आला. एवढ्या गोतावळ्यात ती प्रत्येक मुलाला आठवड्यातली एक संध्याकाळ एकट्याला द्यायची, जॉनचा वार गुरुवार. हे घेण्यासारखं आहे. पण तिचंच दुसरं तत्त्व असं की मूल वर्षाचं झालं की त्याने छडीला भ्यायला आणि हळू आवाजात रडायला शिकलं पाहिजे. ते कृपा करून घेऊ नकोस, काही ख्रिस्ती पालकत्वाच्या सेमिनारमध्ये असला माल अजून खपतो. मला तिचा आवडता प्रसंग १७१२ च्या सुमाराचा. नवरा लंडनला गेलेला, ही रविवारी संध्याकाळी घरात मुलांना उपदेश वाचून दाखवायची, शेजारी यायला लागले, बघता बघता दोनशे माणसं जमायला लागली. नवऱ्याने पत्र पाठवलं की बाईने असं करणं बरं दिसत नाही. हिने उत्तर दिलं की बंद करायचं असेल तर नुसती इच्छा कळवू नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे न्यायाच्या दिवशी देवापुढे जबाबदारी तुमची राहील. मुलांसाठी सुरू केलेलं वाचन दोनशे लोकांचं झालं, आता ही आईची सेवा म्हणायची की उपदेशकाची, तूच ठरव.

आपल्या मातीतलं बघायचं तर पंडिता रमाबाई. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईने, लक्ष्मीबाई डोंगरेंनी, ज्या स्वतः नवऱ्याकडून शिकल्या होत्या, समाजाचा विरोध सोसून. दुष्काळात आईवडील दोघं गेले. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वांटेजला झाला आणि १८८७ मध्ये अमेरिकेत त्यांचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं, ते त्यांनी अर्पण केलं आईच्या स्मृतीला, माझ्या आयुष्याचा प्रकाश आणि मार्गदर्शक म्हणून. लक्ष्मीबाई शेवटपर्यंत हिंदू होत्या. ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी आईचं ऋण लपवलं नाही, उलट पहिल्या पानावर छापलं. ज्यांच्या आया अजून गावी देवळात जातात अशा नवीन विश्वासणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यांना कोणीतरी उगाच भरवलेलं असतं की आता आईशी अंतर ठेवा. आणि रमाबाई स्वतः एकट्या आई होत्या, मनोरमा जेमतेम वर्षाची असताना नवरा गेला. मनोरमेचं धार्मिक शिक्षण कसं व्हावं यावरून वांटेजच्या मठातल्या सिस्टरबरोबर त्यांचे चांगलेच मतभेद झाले, आपल्या मुलीबद्दलचा निर्णय त्यांनी दुसऱ्यांच्या हातात सहज दिला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं पण तसंच. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा या मुलाला, दत्तूला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आपण, मुलासाठी म्हणून आपण, असं केलं नाही. स्वतःला पटलं तेव्हाच बाप्तिस्मा घेतला.

मदर्स डेबद्दल एकच सांगते. हा दिवस चर्चमधूनच सुरू झाला, १० मे १९०८, अमेरिकेत ग्राफ्टन नावाच्या गावी, मेथडिस्ट चर्चमध्ये, अ‍ॅना जार्विसने आपल्या आईच्या आठवणीत पांढरी फुलं पाठवली. तिची आई संडेस्कूल शिकवायची आणि बाळं दगावू नयेत म्हणून गावोगाव बायकांचे स्वच्छतेचे गट चालवायची, तिची स्वतःची बरीच मुलं लहानपणीच गेली होती. अ‍ॅनाला स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि पुढे ती या दिवसाचा बाजार झाला म्हणून त्याच्याच विरोधात भांडत राहिली. म्हणून आमच्याकडे मी एक बदल करायला लावला, त्या रविवारी आयांनी उभं राहा हे बंद. ज्यांचं मूल गेलंय, ज्यांना होत नाहीये, त्या बसून राहतात आणि सगळी मंडळी बघते. फूल द्यायचं तर दारात सगळ्याच बायकांना द्या. रोमकरांस १६:१३ मध्ये पौल रूफाच्या आईला माझीही आई म्हणतो, आपल्याकडे पूर्वी घरोघर फिरणाऱ्या बायबलबायांमध्ये कितीतरी विधवा असायच्या, त्यांनी किती पोरांना वचन शिकवलं असेल.

आता तुझ्या कामाचं. घरी रोज लांबलचक कौटुंबिक प्रार्थना जमणार नाही, नादी लागू नकोस, तीन दिवसांत बंद पडते आणि मग अपराधी वाटतं. झोपताना एक गीत, प्रभूची प्रार्थना, आणि दिवसातली एक गोष्ट ज्याबद्दल मुलाने स्वतःच्या शब्दांत थँक यू म्हणायचं, एवढंच. गोष्ट सांगायची तर मार्कच्या शुभवर्तमानातून, प्रसंग लहान असतात. तुझी स्वतःची प्रार्थना कधीकधी मोठ्याने कर, मुलांच्या कानावर पडू दे, आई पण कोणाकडे तरी मागते हे त्यांना कळलं पाहिजे. चिडलीस तर मुलाची माफी माग. आणि "असं केलंस तर येशू रागवेल" हे वाक्य घरात नको, सासूबाईंना पण प्रेमाने सांग, संडेस्कूलमध्ये देवाला घाबरलेली मुलं परत मोकळी करायला फार वेळ लागतो.

नीतिसूत्रे ३१ वाचून स्वतःला मार्क देत बसू नकोस. तो अध्याय सगळे दहाव्या ओवीपासून वाचतात, सद्गुणी स्त्री, पहाटे उठते वगैरे. पहिल्या नऊ ओव्या वाच, तिथे लमुएल राजाची आई मुलाला झापतेय की दारूपासून लांब राहा आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड. हे पण आईचंच शिक्षण आहे आणि मुलग्यांना द्यायचं आहे.

उद्या मुलं मोठी होऊन चर्चला येईनाशी झाली तर लोक म्हणतील आईची प्रार्थना कमी पडली. मोनिकेची गोष्ट त्यासाठीच वापरतात, पण सगळ्यांची गोष्ट तशी संपत नाही, आणि तो हिशोब तुझ्या नावावर नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा घर सोडून गेला, म्हणून बाप काय वाईट होता?

रविवारचं मात्र ताबडतोब बदल. एक रविवार मुलं नवऱ्याकडे, तू आत, पुढच्या रविवारी उलट. त्याला अवघड वाटेल, वाटू दे, बाप्तिस्म्याच्या वेळी वचन दोघांनी दिलंय. पाळकांना जाऊन सांग की बाहेर एक स्पीकर लावा, वायर टाकायला फार खर्च येत नाही, आणि महिला मंडळाची मीटिंग दुपारी तीनला ठेवली तर नोकरीवाल्या आया येणार कशा हे पण विचार. मुलं आत रडली म्हणून कोणी वळून बघितलं तर मार्क १० दाखव, मुलांना अडवणाऱ्या शिष्यांवर येशू रागावला होता. क्वायरमध्ये परत जायचं असेल तर प्रॅक्टिसच्या दिवशी मुलं सासूबाईंकडे ठेव, त्यांना सांग की तुम्ही लोईस व्हा. लोईस कोण हे त्यांना पाठ असेल, नाही म्हणणं जरा जड जाईल.